अक्षरविद्या आणि धर्माधिकार

ब्रह्मविद्येचे निरूपण करताना आचार्यांनी 'अधिकारी कोण?' हा प्रश्न नेहमी आधी घेतला आहे. निरूपणाचा विषय कितीही श्रेष्ठ असला, तरी तो घेणारा कोण, त्याची आर्त किती आणि त्याच्या ठायी आधीचे अन्यथाज्ञान कोणते, याचा विचार झाल्यावाचून उपदेश फलद्रूप होत नाही, हे मार्गातील प्रत्येक अभ्यासकास ठाऊक आहे. शालेय शिक्षण आणि धर्मश्रद्धा यांच्या संबंधाची चर्चा मात्र सामान्यतः हा प्रश्न वगळूनच केली जाते. शाळेत गेलेला मुलगा श्रद्धा सोडतो की राखतो, एवढेच विचारले जाते. वडील मंडळींना तो सोडील अशी धास्ती असते; सुधारकांपैकी काहींना तीच गोष्ट आशेची वाटत आली आहे. दोघेही श्रद्धा ही एखादी वस्तू असून शाळेच्या दारात ती हातून गळून पडते, असे गृहीत धरून चालतात. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. तिचा शोध घेण्यास अहमदनगर जिल्ह्याइतके (२०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले) सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. कारण शास्त्र मराठीत आणणारे पुरुष, परदेशी मिशनच्या शाळा, कन्यांना वेदपठण शिकविणारा आश्रम आणि ऊसपट्ट्यातील महाविद्यालये या सर्वांचा संबंध या एकाच जिल्ह्याशी आला आहे.

प्रारंभ म्हाइंभटांपासून करणे युक्त होईल. गोदातीरीचे सराळे हे त्यांचे गाव. गणपति आपयो यांच्यापाशी त्यांनी शास्त्राध्ययन केले, मीमांसेत प्रावीण्य मिळविले आणि वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यात त्यांना भूषण वाटू लागले. त्या काळातील सर्वोच्च शिक्षण घेतलेला हा पुरुष होता. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानी ते प्रथम आले तेही जिज्ञासू म्हणून नव्हे. वाद जिंकावा हीच त्यांची मनीषा होती. तेथे त्यांच्या विद्येचा अभिमान गळाला, हा प्रसंग सर्वांस परिचित आहे. परंतु या प्रसंगाचे तात्पर्य सांगताना 'विद्या व्यर्थ ठरली, भक्ती जिंकली' असे जे सुलभीकरण काही प्रवचनांतून केले जाते, ते लीळाचरित्राच्या वाचकाला पटणारे नाही. व्यर्थ ठरला तो अभिमान. विद्या तशीच राहिली आणि पुढे तिने जे कार्य केले ते अन्य कोणाकडून झाले नसते. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या, त्या ऐकीव गोष्टींची गाठोडी बांधावी तशा नव्हेत. ज्याच्या समक्ष जी लीळा झाली त्याच्याकडे जाऊन ती विचारली, भटोबासांसमोर ती पुनःपुन्हा पडताळली. आणि जेथे स्मरणात भेद आढळतो तेथे तो भेद 'शोधु' म्हणून नोंदविण्याची रीत या ग्रंथात दिसते. साक्षीदाराचे नाव सांगणे, मतभेद न लपविणे, आपले मत मध्ये न घुसडणे ही शिस्त शास्त्राध्ययनातून आलेली आहे. तिला योग्य विषय मिळाला, एवढाच काय तो पालट.

दुसरा दाखला याच पिढीतील आहे. पंडित केशवराज सूरी, म्हणजेच केशोबास, हे संस्कृतात सहज रचना करू शकणारे विद्वान. त्यांच्या रत्नमाला स्तोत्राने भटोबास प्रसन्नही झाले. तथापि पुढे शास्त्र संस्कृतात गुंफण्याचा विचार निघाला तेव्हा भटोबासांनी तो थांबविला. संस्कृत झाल्यास मार्गातील वृद्ध स्त्रिया त्याला मुकतील, असे त्यांचे कारण होते. स्मृतिस्थळातील ही नोंद आजवर भाषाभिमानाच्या अंगाने पुष्कळ वेळा उद्धृत झाली आहे. मराठीच्या कैवाराचा पहिला उद्गार म्हणून तिचे पोवाडेही गायले गेले. पण भटोबासांच्या दृष्टीसमोर भाषा नव्हती, म्हाताऱ्या होत्या. ज्यांना कोणत्याही पाठशाळेचे दार कधी उघडले नव्हते, त्यांचा शास्त्रावरील अधिकार जाऊ नये हा त्या निर्णयाचा हेतू. विशेष असे की या म्हाताऱ्या नुसत्या ऐकणाऱ्या नव्हत्या. महदाइसांनी श्रीचक्रधरस्वामींना किती प्रश्न केले आणि त्यांच्या जिज्ञासेची स्वामींनी कशी दखल घेतली, हे लीळांतून पदोपदी दिसते. शाळा नसता प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला होता, ही त्या व्यवस्थेतील असाधारण गोष्ट होय. त्याच जिल्ह्यात, प्रवरातीरी नेवासे येथे, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये गीतेवरील मराठी टीका सिद्ध झाली. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान भिन्न. पण पाठशाळेवाचून शास्त्र ही वाट दोहोंनी मोकळी केली.

पुढच्या काळात मात्र ही वाट मार्गाकडूनच काहीशी अरुंद झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परचक्रात मूळ पोथ्या हरवल्यावर लीळाचरित्राचे पाठ स्मरणातून पुन्हा उभे करावे लागले, आणि त्यांत हिराइसांच्या पाठांतराला मोठे स्थान आहे. एका स्त्रीच्या स्मरणशक्तीने ग्रंथ वाचविला. त्यानंतर चौदाव्या शतकात सकळ लिपी आली, तिच्यापाठोपाठ अन्य सांकेतिक लिप्या आल्या. शास्त्राचे अनधिकाऱ्यापासून रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे, आणि त्या योगे पाठशुद्धी कित्येक शतके टिकली हेही खरे. परंतु लिपी जाणणारा तो अधिकारी, असे समीकरण त्यातून नकळत रूढ झाले. भटोबासांनी भाषेची भिंत होऊ दिली नव्हती; पुढे लिपीची भिंत उभी राहिली. गृहस्थ वासनिकाने ऐकावे, मठातील साधूने वाचावे, अशी वाटणी झाली. बाहेरच्या समाजात मार्गाविषयी जे गैरसमज शतकानुशतके पोसले गेले त्यांचेही एक मूळ येथेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी महंतांच्या सहकार्याने या लिप्यांची उकल संशोधकांना झाली, १९३६-३७ च्या सुमारास हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्र छापून काढले आणि १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती प्रसिद्ध झाली. शाळेत बाळबोध शिकलेल्या कोणत्याही मुलाच्या हाती आता लीळा येऊ शकत होत्या. ती मुले कोणत्या शाळांतून आली, हे पाहण्यासाठी इतिहासात थोडे मागे जावे लागते.

अमेरिकन मराठी मिशनने डिसेंबर १८३१ मध्ये अहमदनगर येथे आपले ठाणे घातले आणि लगोलग शाळा उघडल्या. शाळा हे धर्मप्रसाराचे द्वार आहे, ही मिशनची धारणा उघड होती; ती त्यांनी कधी लपविली नाही. मुलगा वाचू लागला की शुभवर्तमान वाचील, वाचले की पटेल, पटले की बाप्तिस्मा घेईल, असा हा सरळ हिशेब होता. १८३९ साली हरिपंत खिस्ती यांनी धर्मांतर केले तेव्हा हा हिशेब जुळतो आहे असे मिशनला वाटले असल्यास नवल नाही. हिंदू समाजालाही तो जुळतो असेच वाटले आणि त्याने भीती घेतली. त्याच वर्षी मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतील पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ साली शेषाद्री बंधूंच्या प्रकरणात न्यायालयाने धाकट्या श्रीपादास पित्याच्या स्वाधीन केले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्यासाठी खटपट केली, म्हणून सनातनी मंडळी बाळशास्त्र्यांवरच उलटली. शाळा म्हणजे धर्म बुडविण्याचा कारखाना, ही समजूत त्या दशकातली आहे आणि तिचे अवशेष अजून कोठे कोठे ऐकू येतात.

हिशेब मात्र चुकला होता, आणि तो चुकला हे नगरच्याच एका शाळेने दाखविले. सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईत आल्या, १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या. या बाईंची कन्याशाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली. पुण्यात मुलींची शाळा घालण्याची प्रेरणा त्या शाळेने दिली, असे त्यांनी स्वतः सांगितल्याचे 'ज्ञानोदया'त १८५३ साली छापले गेले. हे 'ज्ञानोदय' पत्रही मिशनने १८४२ साली नगर येथेच सुरू केलेले. सावित्रीबाई फुले यांनी फरारबाईंच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. स्वतः जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. तथापि जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, सावित्रीबाईही झाल्या नाहीत. त्यांनी जे केले ते मिशनच्या हिशेबात नव्हते आणि शास्त्रीमंडळाच्याही नव्हते: २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला, निर्मीकाची उपासना मध्यस्थावाचून व्हावी असे प्रतिपादिले आणि विवाहविधी पुरोहितावाचून लावले. त्यांच्या मतांशी मार्गाचे सिद्धांत जुळतात असे नाही, आणि ते जुळविण्याचा खटाटोपही येथे कर्तव्य नाही. ध्यानात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. एकाच जातीच्या शाळेतून कोणी ख्रिस्ती झाला, कोणी सत्यशोधक झाला आणि बहुसंख्य मुले घरी जाऊन देवघरातील पूजा पूर्ववत करू लागली. शाळेने 'कशावर विश्वास ठेवावा' हे ठरविले नाही. 'माझ्या आणि देवाच्या मध्ये कोणी का असावे?' हा प्रश्न विचारण्याचे धैर्य मात्र ज्याला घेता आले त्याला दिले. श्रद्धेचा विषय पालटणे आणि अधिकाराची जाणीव होणे या दोन भिन्न घटना आहेत. आजवरची बहुतेक चर्चा यांची गल्लत करीत आली आहे.

नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून पुढे जी धर्मांतरे झाली ती मुख्यत्वे महार व मांग समाजांत झाली. खेड्यात मिशनचा शाळामास्तर हाच बहुधा उपदेशकही असे. येथेही 'शाळेने श्रद्धा पालटली' असे म्हणणे अपुरे होईल. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहण्याचीही बंदी होती, त्यांच्या मुलाला पाटी हाती देऊन इतरांच्या बरोबरीने बसविणारी जागा ती एकच होती. पाटीबरोबर त्यांना प्रार्थनेतील जागाही मिळाली. गावाच्या धर्माने ती आधी दिली असती, तर या इतिहासाला कदाचित वेगळे वळण लागले असते. श्रीचक्रधरस्वामींनी महारवाड्यातील अन्न व स्पर्श यांविषयी जी वृत्ती आचरून दाखविली, तिचा वारसा सांगणाऱ्या मार्गानेही या बाबतीत आपल्या मठांच्या गेल्या दोन शतकांतील व्यवहाराकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. केवळ लीळेचा दाखला देऊन ही जबाबदारी संपत नाही.

नारायण वामन टिळकांची कथा या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. जन्म १८६१. नाशकास संस्कृताचे अध्ययन, काव्यशक्ती उपजत, वादविवादात कुशल. म्हाइंभटांशी त्यांचे साम्य सहज जाणवते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढील आयुष्याचा मोठा भाग नगर जिल्ह्यात घालविला. या विद्वानाने ख्रिस्ती समाजाला दिले काय? भजने, अभंग आणि कीर्तन. मिशनने छापील ग्रंथाच्या बळावर जो समाज उभा केला होता, त्याच्या प्रार्थनेत जिवंतपणा यावा म्हणून शेवटी टाळ आणि ओवी यांचाच आश्रय करावा लागला. कारण मंडळीतील बहुसंख्य बायकापुरुषांना पुस्तक वाचता येत नव्हते, गाता मात्र येत होते. भटोबासांच्या म्हाताऱ्यांचा प्रश्न सहाशे वर्षांनी दुसऱ्या धर्माच्या अंगणात पुन्हा उभा राहिला, आणि उत्तरही बरेचसे तेच मिळाले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापिला, ज्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले दोघेही बसू शकत. १९१९ साली ते वारले.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. पतीकडून जुजबी लिहिणे-वाचणे शिकल्या, तेवढेच. पतीच्या धर्मांतरानंतर त्या पाच वर्षे हिंदूच राहिल्या. सोवळेओवळे पाळीत राहिल्या, आणि त्यांच्या मनातील जातिभेदाची गाठ सुटली ती पतीच्या युक्तिवादाने सुटली नाही. आपलीच आपण विचार करता करता सुटली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 'स्मृतिचित्रे' या नावाने त्यांनी सांगितलेले आत्मचरित्र मराठी वाङ्मयात अजरामर झाले. त्यांचा निर्णय मार्गाच्या दृष्टीने ग्राह्य की अग्राह्य हा प्रश्न वेगळा. परंतु शाळा न शिकलेली व्यक्ती धर्मविचार करू शकत नाही, असे मानणाऱ्या सुशिक्षितांना हे पुस्तक चांगलेच उत्तर आहे. पंडित पतीने बुद्धीने एका झेपेत गाठलेले स्थान पत्नीने पाच वर्षांत पायी चालून गाठले, आणि त्या चालण्याचा वृत्तांत तिचा अधिक विश्वसनीय वाटतो.

ख्रिस्ती समाजाचे उदाहरण येथेच थांबवून साकोरीकडे वळू. राहाता तालुक्यातील या गावी उपासनी महाराजांनी (१८७०-१९४१) कन्याकुमारी स्थान उभारले. तेथे मुलींना संस्कृत शिकविले गेले, वेदमंत्रांचे पठण शिकविले गेले आणि यज्ञकर्मही त्या स्वतः करू लागल्या. महाराजांच्या पश्चात गोदावरीमाता यांनी १९९० पर्यंत हे स्थान चालविले. येथे शाळा आणि आश्रम एकच होते. शिकविलेला विषय तर इतका प्राचीन की आधुनिक शिक्षणाचा त्याला वाराही लागलेला नाही. आणि परिणाम पाहावा तो इतका नवा, की सनातनी मंडळींचा त्यावर रोष झाला. मंत्र तेच, देवता त्याच, विधी तोच. उच्चार करणारे मुख मात्र स्त्रीचे. श्रद्धेत तिळमात्र बदल न होता धर्मातील सहभाग आमूलाग्र बदलल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. देवताभक्ती व यज्ञकर्म यांविषयी मार्गाचे जे मत आहे ते अर्थातच तसेच आहे. मार्गातील तपस्विनींना मात्र या घटनेचे फारसे आश्चर्य वाटू नये. अनुसरण, भिक्षा, अटन व शास्त्रश्रवण यांत स्त्रीपुरुषभेद श्रीचक्रधरस्वामींनी तेराव्या शतकातच ठेवला नव्हता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळेचे स्वरूपच पालटले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाखा जिल्ह्यात पसरल्या. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला आणि त्या परिसरात १९६४ साली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. नगर शहरात भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढले. १९५१ साली महाराष्ट्रात सुमारे २८ टक्के लोक साक्षर होते; २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ८२ टक्क्यांवर गेले. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार शासनाच्या निधीवर पूर्णतः चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. याचा अर्थ असा, की मिशनच्या काळातील शाळा धर्माविषयी बोलत असे, आताची शाळा मौन पाळते. मौनाचाही परिणाम होतो, आणि तो वादाहून सूक्ष्म असतो. वाद घालणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थी मनात तरी उत्तर देतो. जो विषय दहा वर्षांत एकदाही निघाला नाही तो महत्त्वाचा नसावा, असे मात्र त्याला आपोआप वाटू लागते.

पाश्चात्त्य अभ्यासकांनी अलीकडे हा प्रश्न आकड्यांनी तपासला आहे. कॅनडातील सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांवरून डॅनियल हंगरमन यांनी २०१४ साली असे दाखविले, की शाळेत एक वर्ष अधिक काढावे लागलेल्यांमध्ये 'आपला कोणताही धर्म नाही' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा सुमारे चारांनी वाढले. एवढेच वाचून थांबल्यास वडील मंडळींची धास्ती खरी ठरते. परंतु एडवर्ड ग्लेझर व ब्रूस सासरडोट यांनी २००८ साली अमेरिकेविषयी जो निष्कर्ष मांडला तो याच्या उलट दिशेने जाणारा आहे: तेथे अधिक शिकलेली माणसे चर्चमध्ये अधिक नियमाने जातात, आणि अनेक धर्मसमजुतींवरील त्यांचा विश्वास मात्र कमी शिकलेल्यांहून क्षीण असतो. म्हणजे सहभाग वाढला, विश्वास विरळ झाला. ज्याला सभेत बसण्याची, बोलण्याची, जबाबदारी घेण्याची सवय शाळेने लावली, तो धर्मसभेतही तेच करतो. परदेशचे आकडे जसेच्या तसे येथे लागू करणे योग्य नाही. परंतु त्यांनी एक इशारा दिला आहे. मेळ्याची गर्दी पाहून श्रद्धेचे मोजमाप करणाऱ्यांनी तो अवश्य ध्यानात ठेवावा. डोमेग्रामी पर्वकाळास किती मोटारी आल्या यावरून ब्रह्मविद्येचा प्रसार किती झाला हे कळत नाही.

मार्गापुढील प्रत्यक्ष अडचण आता सांगितली पाहिजे. श्रीचक्रधरस्वामींचे नाव आज जिल्ह्यातील कित्येक मुलांच्या कानी प्रथम पडते ते पाठ्यपुस्तकातून किंवा महाविद्यालयीन अभ्यासक्रमातून. लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ, कर्ता म्हाइंभट, काळ तेराव्या शतकाची अखेर. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. यात निंदा नाही. ग्रंथाचा गौरवच आहे. परंतु उपदेशी घरातील मुलाला देखील लीळा ही प्राचीन गद्याचा नमुना म्हणून अगोदर भेटते आणि परमेश्वराचे चरित्र म्हणून नंतर, किंवा भेटतच नाही. गुण मिळाले की तिचे काम संपले. आजी जी लीळा तोंडपाठ सांगते, तीच नातीच्या वहीत कठीण शब्दांच्या अर्थांसह असते, आणि दोघींना ती एकच आहे हे उमगत नाही. आजीला वाचता येत नाही. नातीला वाचता येते, पण यादवकालीन क्रियापदांशी ती अडखळते. भटोबासांनी ज्या भाषेत शास्त्र ठेविले ती म्हाताऱ्यांना सुगम म्हणून. सातशे वर्षांनी तीच भाषा शिकलेल्या नातीला दुर्गम झाली आहे. भटोबासांचा दंडक अक्षरशः पाळायचा की त्यातील हेतू पाळायचा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. हेतू पाळायचा असेल तर आजच्या मराठीत अन्वय व अर्थ सांगणे हे शास्त्राचे अवमूल्यन नव्हे. मूळ वचन बाजूला सारून केवळ गोषवारा हाती देणे मात्र अवमूल्यनच होय, आणि सध्या निघणाऱ्या काही बालोपयोगी पुस्तिकांत तेच होत आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. छापील सूत्रपाठ कोणीही विकत घेतो, गुरुमुखावाचून वाचतो आणि मन मानेल तसा अर्थ लावतो. म्हणून शिकलेल्या वासनिकाला सूत्रे देऊ नयेत, केवळ लीळा सांगाव्यात. आक्षेपातील भीती निराधार नाही. केशोबासांनी लीळांतून सूत्रे वेगळी काढली, पण प्रत्येक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निरूपिले याचा संदर्भ परंपरेने जपला. तो ठाऊक नसेल तर एखाद्या साधकाला त्याच्या विशिष्ट दोषावर सांगितलेले वचन सर्वांना लागू असलेला नियम ठरते. निषेधाची सूत्रे तर अशा वाचनाने फारच क्रूर होतात. परंतु उपाय म्हणून पुस्तक लपविणे आता शक्य नाही, आणि शक्य असते तरी ते भटोबासांच्या वृत्तीला धरून झाले नसते. शाळेने मुलाला वाचनाचा अधिकार देऊन टाकला आहे. तो परत घेता येत नाही. प्रकरणाचे ज्ञान मात्र शाळा देत नाही, देऊ शकत नाही. ते मठाजवळ आहे.

'शाब्दज्ञान' ही ज्ञानाची पहिलीच पायरी आहे, असे शास्त्र सांगते. शालेय साक्षरता तर त्या पायरीच्याही अलीकडची आहे. म्हणून तिचे भय बाळगणे जसे अनाठायी, तसे तिच्यावर विसंबणेही अनाठायी. पदवीधर वासनिकाला सभेत पुढे बसवावे, त्याच्याकडून वर्गणी व आभारप्रदर्शन घ्यावे आणि शास्त्रचर्चा निघाली की त्याला श्रोता करावे, ही रीत काही ठिकाणी दिसते. अशाने सहभाग वाढल्याचा भास होतो. तो मनुष्य दहा वर्षे येतो, मग त्याची मुले येत नाहीत. आणि दोष शाळेवर ठेवला जातो. मुलाने प्रश्न विचारला असता 'मोठा झाल्यावर कळेल' असे उत्तर देणाऱ्या घरांतून जेवढी मुले दूर गेली असतील, तेवढी विज्ञानाच्या तासाने दूर गेली नसावीत. विज्ञानाचा शिक्षक निदान प्रश्नाला प्रश्न म्हणून घेतो. महदाइसांच्या शंकांना श्रीचक्रधरस्वामींनी दिलेली उत्तरे ज्या परंपरेने सातशे वर्षे जपली, तिला शंकेखोर विद्यार्थी जड वाटावा हे विचित्र आहे.

याच संदर्भात एका घडामोडीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेल्या रिद्धपूर येथे २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. म्हाइंभटांचे बरेचसे कार्य तेथेच घडले होते. म्हणजे ज्या ग्रंथाची शाळेत ओळख केवळ एका प्रश्नोत्तरापुरती होत असे, त्याच्या पोथ्या, पाठभेद आणि लिप्या यांना आता उच्च शिक्षणात स्थान मिळण्याचा संभव निर्माण झाला आहे. तेथे येणारा विद्यार्थी कदाचित कोणत्याही मार्गाचा नसेल. सराळ्याहून निघालेल्या त्या पहिल्या विद्यार्थ्याप्रमाणे थोडा अभिमानीही असेल. सकळ लिपी अस्खलित वाचणारे वृद्ध साधू आजही मठांतून आहेत, परंतु त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे. त्यांच्यापैकी कितींना कोणी विद्यार्थी म्हणून जाऊन भेटेल, आणि भेटलाच तर त्याच्या पहिल्या आडव्या प्रश्नाला मठातून काय उत्तर मिळेल, हे येत्या काही वर्षांतच ठरणार आहे.